सहाणेवरची गोळी

हे लिहायचं तर संडासापासूनच सुरुवात करायला हवी. जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मी थांबते. दुसरीकडून कुठून सुरुवात केली तर ती लपवाछपवी होईल, आणि लपवाछपवी करून मला जे भोगावं लागलं तेवढं पुरे झालं.

माझं नाव शुभांगी. लांज्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. घरात आम्ही तिघं, मी, माझे यजमान आणि सासूबाई. मुलगी पुण्याला शिकते. यजमानांचं लांज्याला पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी घरी आंब्याचा आणि करवंदांचा जॅम, कोकमाचं आगळ, आंबावडी असं करते. माझ्या बरण्या रत्नागिरीच्या दुकानांत जातात. बरणीवर मी स्वतः लेबल लावते, ‘ओला चमचा घालू नये. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे.’ तरी लोक ओला चमचा घालतात आणि बुरशी आलेली बरणी माझ्या पुढ्यात आणून आपटतात. मग मी त्यांना झापते. लिहिलेलं वाचता येत नाही का, म्हणून विचारते. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे मलाच नडणार आहे.

*

गेल्या वर्षीच्या शिमग्यातली गोष्ट. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी अंगणात टेकली होती, ढोल वाजत होते, मी ओटीचं ताट घेऊन उभी होते, आणि पोटात अशी कळ आली की ताट सासूबाईंच्या हातात कोंबून मी मागच्या दारी धावले. आता देवीसमोर परत यायचं तर आंघोळ करायला हवी. आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आले तोवर पालखी शेजारच्या अंगणात नाचत होती. सासूबाईंनी ओटी भरली होती. मला रडू फुटलं. लग्न झाल्यापासून एकदाही माझ्या हातची ओटी चुकली नव्हती.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा रक्त पाहिलं.

कोणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हटलं. मग फणसावर ढकललं, मग सुक्या बांगड्याच्या तिखटावर. दिवसातून चारदा जायची ती सहादा, आठदा जायला लागले. हंगाम ऐन भरात होता. पातेल्यात रस चढवलेला आणि मी हातातला डाव टाकून मागच्या दारी. दोनदा जॅम खाली लागला. बाजारात जायचं झालं तर आदल्या संध्याकाळपासून जेवायची नाही. हायवेवर कुठल्या हॉटेलात मागे सोय आहे आणि कुठे नुसताच आडोसा, हे मला तोंडपाठ झालं होतं.

सांगितलं का नाही, याचं खरं कारण लाज एवढंच नव्हतं. मी खायचे पदार्थ विकते. ‘जॅमवाल्या बाईला हगवण लागलीय’ हे एकदा गावात पसरलं की माझ्या बरणीला कोण हात लावणार? हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी गावाला ते कोण समजावणार होतं? म्हणून तोंड शिवून बसले. मे महिन्याच्या शेवटी एक दिवस आंबे धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच बसले, तेव्हा यजमानांनी मला उचलून गाडीत घातलं.

*

रत्नागिरीच्या पोटाच्या डॉक्टर बाई आहेत. बोलणं भराभर, पण डोळे तुमच्यावरून हलत नाहीत. त्यांनी दुर्बिणीने तपासायचं ठरवलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यायचं असतं. ज्यांच्यावर ती वेळ यायची आहे त्यांना सांगते, तपासणीपेक्षा ते पाणी वाईट. खारट, बुळबुळीत आणि संपता संपत नाही. तपासणीत मला गुंगी होती, काही कळलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा आम्हाला आत बोलावलं. टेबलावर माझ्या आतड्याचे रंगीत फोटो होते. निरोगी आतडं गुलाबी आणि चकचकीत असतं म्हणे. माझं लालभडक, जागोजागी सोललेलं. मी फोटो उलटा करून ठेवला.

यजमानांनी एकच विचारलं, “कॅन्सर तर नाही ना?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. यजमानांनी इतका मोठा श्वास सोडला की मला बाजूला ऐकू आला. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. का होतात ते नक्की सांगता येत नाही. तुम्ही काही वेडंवाकडं खाल्लंत म्हणून झालेला नाही. औषधाने आटोक्यात राहतो, पण मुळापासून जात नाही. गोळ्या वर्षानुवर्षं.

“वर्षानुवर्षं म्हणजे किती?” मी विचारलं.

“तुम्ही जगाल तितकी.”

ही गोळी वेगळ्या बनावटीची आहे, दोन्ही वेळच्या जेवणानंतर पाण्याबरोबर गिळायची, काही वाटलं तर फोन करायचा, असंही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. खरं तर मी ‘जगाल तितकी’ या दोन शब्दांपाशीच थांबले होते. घरी परतलो तेव्हा सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“काय म्हणाल्या गो?”

“कॅन्सर नाही,” मी म्हटलं. पुढचं सांगायला जीभ वळली नाही.

*

गोळी चांगली चिंचोक्याएवढी होती, रंगाने फिकट पिवळी. घशात अडकायची. तरी महिनाभर नेमाने गिळली. आठाचं सहावर आलं, सहाचं पाचवर. मला वाटलं होतं पंधरा दिवसांत खडखडीत बरी होईन. माझ्या अंगात धीर कमी. जॅमलासुद्धा मी शेवटच्या उकळीला दहादा बशीत थेंब टाकून बघते.

या आजारात माणूस रोज संडासात वाकून बघतो. रक्त किती, आव किती. आषाढात एका सकाळी मी अशीच बघत होते आणि मला गोळी दिसली. जशीच्या तशी, थोडी फुगलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा.

मला इतका संताप आला! म्हणजे महिनाभर मी गिळतेय ती आत विरघळतच नाही, एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर. फोन करायला हवा होता. फोन हातातही घेतला. पण डॉक्टरांना सांगणार काय? संडासात वाकून बघत होते आणि गोळी सापडली? त्यांच्या फोनवर आधी एक मुलगा बोलतो. त्याला हे सांगायचं? फोन खाली ठेवला.

इथे सासूबाईंच्या सहाणेबद्दल सांगायला हवं. चंदन उगाळतो तशी ती दगडी सहाण, मध्ये झिजून खोलगट झालेली. आमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांनी सासूबाईंच्या हातची गुटी चाटलेली आहे. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, कशाचे किती वेढे द्यायचे हे त्यांच्या बोटांना ठाऊक. पोटात मुरडा आला की मुरुडशेंगेचे सात वेढे. औषध म्हणजे उगाळून, मधात चाटवायची वस्तू, ही आमच्या घरची समजूत. त्यांची एकट्यांची नाही, माझीही झाली होती. माझी मुलगी लहानपणी तापाची गोळी घेत नसे, तेव्हा तीही आम्ही सहाणेवर उगाळूनच दिली होती.

मी सहाण काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. “आई, ही गोळी उगाळून बघूया. आख्खी विरघळत नाही.”

सासूबाईंनी गोळी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. “डागदरनीला इचारलंस?”

“काय विचारायचं त्यात? उगाळली काय, गिळली काय, औषध तेच.”

“तरी पन इचार. ही आपली मुरुडशेंग नाय.”

“आई, तुम्ही उगाळणार की मी उगाळू?” माझा आवाज चढला. मी आजारी होते, आणि आजारी माणसाला घरात थोडं राज्य मिळतं. ते मी वापरलं.

त्यांनी उगाळली. मधात कालवून मला चाटवली. कडूजहर लागली. कडू लागली म्हणून मला उलट बरं वाटलं, आता औषध लागू पडणार म्हणून.

*

पहिले पंधरा दिवस मी स्वतःचीच समजूत घालत होते. मग पाचाचं आठ झालं, आठाचं बारा. पावसात मागच्या अंगणातून चिऱ्याच्या पायऱ्या उतरून जायचं. सासूबाई दर वेळी छत्री घेऊन मागे यायच्या आणि बाहेर उभ्या राहायच्या. त्या बाहेर उभ्या आहेत याचासुद्धा मला राग यायचा. यजमानांवर खेकसायची. ते दुकानातून उशिरा घरी यायला लागले. मुलीचा फोन आला की ‘बरं आहे’ म्हणून ठेवून द्यायची. एकदा तिने विचारलं, “आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?” मी म्हटलं, “एकही चुकवलेली नाही.” ते तर खरंच होतं.

गणपतीला दहा-बारा दिवस उरले असताना मला ताप भरला आणि नुसतं रक्तच जायला लागलं. रत्नागिरीला त्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात दाखल केलं.

हॉस्पिटलात दिवस तासांनी मोजत नाहीत. सलाइनची बाटली, ताप, रक्तदाब, पुन्हा बाटली. माझ्या खाटेशी एक कागद लटकवला होता. किती वेळा संडास, रक्त आहे की नाही, हे मी सांगायचं आणि सिस्टरने लिहायचं. सहा महिने जे जगापासून लपवलं ते आता खाटेला टांगलेलं होतं, येणारा-जाणारा वाचू शकत होता. गंमत अशी की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची लाज संपली.

सिस्टर पूर्णगडची होती, विशीतली, हसरी. माझी खाट तिने आपणहून संडासाच्या दाराशेजारी हलवून घेतली. “मावशी, चार पावलं वाचली तुमची,” म्हणाली. त्या चार पावलांसाठी मी तिला जन्मभर दुवा देईन. ज्याला ही गरज कधी पडली नाही त्याला हे कळायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसतात तेव्हा बातमी चांगली नसते.

“शुभांगीताई, मी सलाइनमधून जोरदार औषध सुरू केलंय. तीन दिवस बघते. गोळ्यांनी तुमच्यावर काही काम केलेलं दिसत नाही. तीन दिवसांत रक्त आटोक्यात आलं नाही तर कोल्हापूरला पाठवावं लागेल. मोठं आतडं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया.”

“काढून टाकलं तर मग...?” यजमानांनी विचारलं.

“पोटाला एक छिद्र ठेवतात आणि त्यावर बाहेरून पिशवी लावतात. लोक त्याच्यासह चांगलं जगतात, हे मी दिलासा द्यायला सांगत नाही, खरं आहे. पण आधी आपण आतडं वाचवायचा प्रयत्न करू.”

आज मला ठाऊक आहे की पिशवी लावून माणसं शेती करतात, लग्नात नाचतात. त्या संध्याकाळी मला यातलं काही सुचलं नाही. मी एवढंच पाहत होते की देवीची पालखी अंगणात आलीय आणि मी पोटाला पिशवी बांधून आत दार लावून बसलेय. मी भिंतीकडे तोंड केलं. यजमान खाटेच्या कडेला बसून माझ्या पायावर हात ठेवून होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर जेवणानंतरची गोळी घेऊन आली. सासूबाई सकाळच्या गाडीने आल्या होत्या, यजमान खिडकीशी उभे होते. सिस्टरने गोळी माझ्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती अलगद उचलून घेतली, पिशवीतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली सहाण काढली, स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. शेजारी मधाची बाटली ठेवली.

“आजी, काय करताय?” सिस्टर म्हणाली.

“तिला उगाळून देतंय. आख्खी तिला लागू पडत नाय.”

सिस्टरचं हसू पार मावळलं. “कधीपासून?”

“आखाडापासना.”

गोळी आणि पाकीट उचलून सिस्टर धावतच गेली. डॉक्टर आल्या त्या ओपीडी अर्धवट सोडून. त्यांनी सहाण पाहिली, गोळी पाहिली, पुन्हा एकदा विचारलं, “दोन्ही वेळची? रोज?” मी मान हलवली.

“यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत म्हणायच्या,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आणि यजमान फुटले. इतक्या वर्षांत त्यांना मी आईवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. “आई! तुझी ती सहाण! तिथे कोल्हापूरला आतडं काढायच्या गोष्टी चालल्यात आणि तू इथे उगाळत बसलीस? सगळ्या जगाला औषध देणारी तू! हिचा जीव गेला असता म्हणजे?”

अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. सासूबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तोंड उघडायचं होतं. ‘मी सांगितलं होतं, त्या तर डॉक्टरांना विचार म्हणत होत्या.’ एवढंच वाक्य. पण मी घाबरलेली होते, दमलेली होते, आणि यजमानांचा तो राग माझ्याकडे वळला तर आपल्याला सोसणार नाही असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

“चुकला माझा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सहाण पुन्हा फडक्यात बांधली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या.

*

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पण उगाळावी असं वाटलंच का?” तेव्हा मी त्यांना ती गोळी बाहेर पडल्याची गोष्ट सांगितली. कोणी उगाळायला लावली ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

“त्या गोळीला मुद्दाम तसं कवच दिलंय,” त्या म्हणाल्या. “झाडापानांतून मिळणाऱ्या डिंकांचं. गवारीच्या बियांचा डिंक, फळांतलं पेक्टिन, अशा जिनसा. पोटातल्या आम्लाला हे कवच दाद देत नाही. लहान आतड्यालाही ते पचत नाही. पण मोठ्या आतड्यात जे जंतू राहतात, ते हा डिंक खातात. त्यांनी कवच खाल्लं की आतलं औषध तिथेच सुटतं, बरोबर जखमेवर. तुम्ही कवच घरीच फोडलंत. औषध वरच्या वर रक्तात शोषलं गेलं, खालपर्यंत पोचलं ते नावापुरतं.”

“पेक्टिन?” मी विचारलं. “जॅममध्ये घालतात ते?”

“तेच. तुम्हाला कसं माहीत?”

घरी माझ्या फडताळात पेक्टिनच्या पावडरीचा डबाच आहे. पिकल्या आंब्याचा जॅम नीट धरत नाही म्हणून मी ती घालते. मी हसले की रडले ते आठवत नाही, पण पोट दुखलं.

“मग बाहेर पडली ती गोळी?”

“बहुतेक नुसतं टरफल असेल, औषध आत सुटून गेलेलं. पण जुलाब फार जोरात असले तर गोळीला वेळच मिळत नाही, तेव्हा खरंच आख्खी पडते. दोन्हींतलं काय ते मला ठरवू द्यायचं होतंत. दुसरं औषध दिलं असतं. पाकिटातल्या कागदावर लिहिलंय, चावू नये, कुटू नये.” मग म्हणाल्या, “बारीक इंग्रजीत लिहिलंय. आणि मी गिळा म्हटलं, फोडू नका म्हटलं नाही. माझंही चुकलंच.”

ओला चमचा घालू नये. मला माझी लेबलं आठवली आणि ज्यांना ज्यांना मी झापलं होतं ती सगळी माणसं आठवली.

“आता ऑपरेशन?” यजमानांनी विचारलं.

“तीन दिवसांचं म्हटलंय ते तसंच. सलाइनने रक्त थांबलं नाही तर पाठवावंच लागेल. पण थांबलं, तर गोळीला अजून संधी आहे. गोळी लागू पडत नाही असं म्हणायला ती आधी पोचायला तर हवी.”

तिसऱ्या दिवशी खाटेच्या कागदावर बाराचं सात झालं, चौथ्या दिवशी पाच. कोल्हापूरला जायचं टळलं. डॉक्टरांनी मात्र पेढे वाटू दिले नाहीत. तीन महिने आख्ख्या गोळ्या, मग पुन्हा दुर्बीण. आतून भरून आलं असलं तर आतडं राहील, नसलं तर पुन्हा हीच चर्चा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

*

ते तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. हॉस्पिटलातल्या त्या जोरदार औषधाने तोंड सुजून भोपळा झालं होतं. गणपतीत आलेल्या बायका ‘तब्येत सुधारली हो’ म्हणायच्या. मऊ भात, ताक, केळं, पुन्हा मऊ भात. पोटात जरा गुरगुरलं तरी काळजात धस्स व्हायचं. कधी एखाद दिवस रक्ताचा डाग दिसायचा आणि मी तो दिवस बसून काढायची. आता मात्र दिसलं की फोन करायची. फोनवरचा मुलगा ‘किती वेळा? रंग कसा?’ असं दुधाचा भाव विचारावा तसं विचारायचा, आणि मीही तसंच सांगायची.

पण घरात दुसरंच दुखणं बसलं होतं. यजमान आईशी कामापुरतं बोलायचे. चहा झाला का, दूध आलं का, संपलं. सहाण देवघराशेजारच्या जागेवर नव्हती. एक दिवस मला ती मागच्या पडवीत दिसली, चुलीसाठीच्या शेणींच्या ढिगाआड, पालथी. सासूबाई आता माझ्या गोळ्यांच्या पाकिटाला हातसुद्धा लावत नसत. मी गोळी घ्यायला लागले की त्या उठून बाहेर जायच्या. वाडीतली एक सून आपलं तान्हं घेऊन गुटी मागायला आली, तर त्या दारातूनच म्हणाल्या, “नाय बाय, मी आता औषद देत नाय. डागदराकडं ने.” ती बिचारी गोंधळून परत गेली. मी आत कोकमं निवडत होते. त्या शब्दांनी मला जे झालं ते आजाराच्या कळेपेक्षा कमी नव्हतं.

रोज ठरवायची, आज यजमानांना सांगायचं. आणि रोज वाटायचं, आत्ता नको, आधी दुर्बिणीचं काय ते कळू दे. आतडं वाचलं तर सांगेन. वाचलं नाही तर? तर त्यांनी आईला जन्मभर माफ केलं नसतं, आणि मी ते बघत पिशवी सांभाळत बसले असते. हे कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

*

दिवाळी उलटल्यावर तपासणी झाली. पुन्हा ते खारट पाणी, पुन्हा गुंगी. डॉक्टरांनी फोटो माझ्यापुढे ठेवले. एका कोपऱ्यात थोडी लाली होती. बाकी गुलाबी. चकचकीत.

“आतडं तुमचंच,” त्या म्हणाल्या. “गोळी सोडायची नाही. आजार आत झोपलाय, गेलेला नाही.”

यजमान तिथेच खुर्चीत रडले. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. त्याच बाकावर, जिथे सासूबाई सहाण मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. गोळी मी दिली, उगाळायला मी लावली, त्या दोनदा म्हणाल्या होत्या की डॉक्टरांना विचार. ते एवढंच म्हणाले, “तीन महिने?” मी म्हटलं, “हो.” घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. तो राग माझा होता, उशिरा का होईना माझ्याकडे आला.

घरी सासूबाई उंबऱ्यातच होत्या. “काय म्हणाल्या?”

“आतडं राहिलं, आई.”

त्यांनी देवघराकडे बघून हात जोडले. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “मी यांना सांगितलं. त्या दिवशी हॉस्पिटलात मी डोळे मिटून घेतले. तुम्ही का नाही बोललात? तुम्ही तर विचार म्हणत होतात.”

“तू मरायला टेकलेलीस,” त्या म्हणाल्या. “तेवा तुझ्यावर वरडला असता तर तुला सोसला असता? माझा काय. मी त्याची आवस. माझ्यावर वरडून जातोय कुठं?” मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, “वायट वाटला. नाय कशाला म्हनू. तू बोलशीलसा वाटलेला.”

यजमान दारात उभे राहून ऐकत होते. ते मागच्या पडवीत गेले. शेणी सरकवल्याचा आवाज आला. सहाण नळाखाली धरून, हाताने चोळून त्यांनी धुतली आणि आईच्या पुढ्यात आणून ठेवली. “आई,” म्हणाले, आणि सहाण तिच्याकडे सरकवली.

सासूबाईंनी सहाणेवरून हात फिरवला, बाजूला सारली. “थांब. आधी हिचा जेवान. तिची गोळीची वेळ झाली.”

मऊ भात जेवून झाल्यावर त्यांनी स्वतः पाकीट फोडलं, गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“गीळ. आख्खी.”

मी गिळली. घशाखाली उतरेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग उठून वेखंड आणि जायफळ शोधायला आत गेल्या. त्या सुनेचं तान्हं अजून गुटीशिवाय होतं.